तेरवीच्या दुसऱ्या दिवशी लातूरला

वडील गेले तेव्हा मी गादीघराच्या माडीवर बेस गिटार वाजवत होतो. रविवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. खिशातला फोन बराच वेळ थरथरत होता. पण बेस पोटाशी धरून वाजवताना अंगात थरथर असतेच, त्यात फोनची वेगळी कळली नाही. गाणं संपल्यावर पाणी प्यायला थांबलो आणि फोन बघितला, तर धाकट्या बहिणीचे अकरा मिस्ड कॉल.

मी लावला. ती म्हणाली, "दादा, घरी ये."

"काय झालं?"

"तू ये फक्त."

मागं बायकांचे आवाज होते, त्यात आईचा नव्हता. तेवढ्यावरून मला कळलं. मी अ‍ॅम्प बंद केला, वायर अंगठ्यापासून कोपरापर्यंत वेढे घेत गुंडाळली, बेस पिशवीत घातला, चेन लावली. हे सगळं मी नेहमीसारखं, घाई न करता केलं. त्याचं नंतर कितीतरी दिवस मला नवल वाटत होतं.

गादीघर माझ्या मित्राचं. जुन्या नांदेडात त्यांचं तीन पिढ्यांचं दुकान आहे. खाली गाद्या, तक्के, रजया विकतात आणि वर माडीवर कापसाचे गठ्ठे रचून ठेवतात. त्या गठ्ठ्यांच्या मधोमध थोडी जागा करून आम्ही दर रविवारी वाजवतो. कापसामुळं आवाज बाहेर जात नाही, त्यामुळं गल्लीत कधी कुणाची तक्रार आली नाही. एवढंच, की कीबोर्डच्या पट्ट्यांमधे कापसाचे तंतू अडकतात आणि ते त्याला दाढीच्या ब्रशनं साफ करावे लागतात.

तो सिंथ, म्हणजे हाच कीबोर्ड, वाजवतो. त्याचे मामा गल्फमधे होते. ते येताना ऐंशीच्या दशकातल्या विलायती गाण्यांच्या कॅसेट घेऊन यायचे. सगळी ड्रम मशीनच्या ठोक्यावरची, थंड आवाजातली गाणी. हा त्यावर वाढला. आमची ओळख व्हायच्या आधी मी लातूरच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि मालकानं सामान विकायला काढलं, तेव्हा हा सिंथ घ्यायला आला. मी तिथं कोपऱ्यात बसलो होतो. सिंथसोबत मी पण फुकट मिळालो, असं तो लोकांना सांगतो.

खरं तर असल्या गाण्यांना बेस वाजवणारा लागत नाही. सिंथमधूनच बेस निघतो. हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"निघतो ना," तो म्हणाला. "पण यार, समदंच मशीन वाजवायला लागलं तर आपून कशाला जमायचं?"

तिसरी आमची गाणारी. ती लातूरला एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि रविवारी सकाळच्या बसनं नांदेडला यायची. आम्हा दोघांनाही ती दादा म्हणायची, आम्ही तिला मॅडम. विलायती गाणी ती स्पष्ट उच्चारात म्हणायची आणि म्हणताना हातसुद्धा हलवायची नाही. अधूनमधून आम्ही जुनी हिंदी डिस्को गाणी घ्यायचो, नाहीतर कार्यक्रम कोण देणार? माझी रोजची नोकरी नांदेडच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमधे परिचर म्हणून. पोरांना भिंगं, लोलक, मीटर काढून द्यायचे आणि मोजून परत ठेवायचे.

तर त्या रविवारी मित्रानं मला स्कूटरवर घरी सोडलं. पुढच्या खोलीत वडिलांना खाली घेतलं होतं. जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत, असं बहिणीनं सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.

वडील पशुसंवर्धन खात्यात होते. जनावरांना लस टोचायची, अडलेली गाय सोडवायची, जखमा बांधायच्या. ते डॉक्टर नव्हते, पण खेड्यातले लोक त्यांना डॉक्टरच म्हणायचे. बरीच वर्षं देवणीला, मग चाकूरला, शेवटी कंधारला नोकरी करून ते रिटायर झाले आणि आमच्याकडं नांदेडला राहायला आले. माझ्या वाजवण्याबद्दल ते कधी चांगलं बोलले नाहीत, वाईटही बोलले नाहीत. मी नवीन बेस घेऊन आलो, तेव्हा सगळ्यात जाड तारेवरून बोट फिरवून त्यांनी विचारलं होतं, "ही सायकलच्या ब्रेकची तार हाय का?" मी नाही म्हणालो. त्यावर "मजबूत हाय" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

पुढचे दिवस पाहुण्यांमधे गेले. जो येईल तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "रडून घे. दाबून ठेवू नये." मी दाबून ठेवत नव्हतो. दाबायला काही नव्हतंच. लोकांना वाईट वाटू नये म्हणून मी मान खाली घालायचो. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाट बघायचो, आता येईल, आता येईल. मग झोप लागायची आणि सकाळी चांगली झोप झाल्याचीच लाज वाटायची.

दहाव्याला नदीवर गेलो. न्हाव्यानं डोक्यावर गार पाणी मारलं आणि वस्तरा लावला. मी थोरला, त्यामुळं मिशीही गेली. भटजी सांगतील ते मी करत होतो. पिंड ठेवले. कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे होते आणि मी उपरण्याच्या आत उजव्या हाताची दोन बोटं हलवत होतो. तर्जनी, मधलं, तर्जनी, मधलं. आमच्या गाण्यांमधे बेसला फारसं काम नसतं. एकच सूर, चार ठोक्यांच्या एका मापात आठ वेळा, तसली चार मापं, मग दुसरा सूर. मशीन थांबत नाही आणि घाईही करत नाही, आपण त्याच्या बरोबर चालत राहायचं. ते मी मनात वाजवत होतो, आणि मनात तरी का म्हणू, बोटंच वाजवत होती.

काकांचं लक्ष गेलं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, कंधारजवळ गावाकडं असतात. "हात कामून थरथरायलाय?" त्यांनी विचारलं आणि मी काही बोलायच्या आत चुलतभावाला साखरपाणी आणायला पाठवलं. मी ते प्यालो. काकांनी माझे खांदे धरून ठेवले. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

लातूरचा कार्यक्रम महिनाभर आधीच ठरला होता. मॅडमच्या ओळखीतल्या एका कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. तारीख बघितली तर तेरवीचा दुसरा दिवस. मित्र तेरवीला जेवायला आला होता, पण त्यानं विषय काढला नाही. जाताना फक्त म्हणाला, "तू बस घरी. बेस मी सिंथवर काढतो." मी बरं म्हणालो.

काका आणि बाकीचे पाहुणे संध्याकाळच्या आत गावाकडं गेले. घर एकदम रिकामं झालं. बहीण मोठी भांडी पुसून ठेवत होती, आई चटईवर बसून होती. मी आईला सांगितलं, "उद्या लातूरला कार्यक्रम होता."

"होता म्हंजी?"

"माझ्याबिगर करणार हाईत ते."

 आई म्हणाली, "तू घरी बसून काय करणार हायस?"

"काई न्हाई."

"मग जा की. इथं तुझ्याकडं बघत बसलं की मला आणखीच काई सुचंना."

तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं. मी मित्राला फोन करून येतो म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ठीक है, सकाळी नऊला."

गादीघराच्या टेम्पोतून निघालो. मागं सिंथ, स्पीकर, माझा अ‍ॅम्प, आणि सामान हलू नये म्हणून मधे दोन जुन्या गाद्या. लोहा गेलं, अहमदपूर गेलं.  उन्हाचे दिवस होते. शेतं काढून झाली होती आणि दोन्ही बाजूंना नुसती काळी जमीन दिसत होती.

चाकूरला चहाला थांबलो. टपरीवरच्या माणसाच्या मोबाइलवर मोठ्यानं गाणं लागलं होतं. त्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं आणि चहा ओतायच्या आधी मोबाइल उचलून गाणं बंद केलं.

"कोण गेलं?"

"वडील."

"वय?"

"एकसष्ट."

"लवकरच म्हणायचं." त्यानं कप माझ्या हातात दिला. "अन् आता कुठं निघालाव?"

मी टेम्पोकडं बघितलं. ताडपत्रीखालून स्पीकरचा कोपरा दिसत होता. "लातूरला," मी म्हणालो. "काम हाय."

मित्र तोवर दुसरीकडं तोंड करून उभा होता. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "वापस जायचं का? मी सोडतो तुला, अजून टाइम हाय."

"न्हाई."

"नक्की?"

"चल."

याच चाकूरला मी तिसरी ते पाचवी शाळेत होतो. त्या चौकातून वडिलांच्या मागं मोटरसायकलवर बसून कितीदा गेलो असेन. ओळखीचं काही दिसलं की आता आत काहीतरी हलेल, असं वाटून मी मुद्दाम खिडकीतून बघत राहिलो. शाळेची भिंत दिसली, पाण्याची टाकी दिसली. मग गाव संपलं.

कार्यक्रम दुपारी चारला होता. लातूरला पोरांना संध्याकाळचे क्लास चुकवता येत नाहीत, म्हणून संमेलनंही उजेडातच उरकतात. मांडवात ऊन झिरपत होतं. मॅडम आधीच येऊन बसली होती. मला बघून ती उठली. तिनं मला तसं अजून बघितलं नव्हतं. "दादा, टोपी आणू का?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"नाही, सहज." ती खाली बघून म्हणाली.

कशाला ते स्टेजवर गेल्यावर कळलं. मी बेस गळ्यात अडकवून पुढं आलो आणि खालून शिट्ट्या सुरू झाल्या. गोटा केलेलं डोकं, मिशी नाही, काळा शर्ट. पोरांना वाटलं, ही आमची स्टाइल आहे. विलायती बँडवाले असेच दिसतात असं त्यांनी कुठंतरी बघितलं असणार. त्यांच्यावर राग यावा असं काही नव्हतं आणि मला आलाही नाही. मित्रानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, त्यानं मशीन सुरू केलं.

आम्ही त्या दिवशी फार चांगलं वाजवलं, असं मित्र आणि मॅडम दोघंही म्हणतात. मला आठवतं ते एवढंच, की कुठंही चुकत नव्हतं. एरवी मी एखाद्या ठिकाणी थोडा पुढं पळतो, त्या दिवशी पळालो नाही. सूर, आठ वेळा, चार मापं, दुसरा सूर. समोर पोरं उड्या मारत होती आणि मला ती काचेपलीकडं असल्यासारखी दिसत होती.

शेवटून दुसरं गाणं ठरल्याप्रमाणं एकदम बंद होतं. मशीन, सिंथ, आवाज, सगळं एका ठोक्यावर थांबतं. सगळं थांबलं. मी थांबलो नाही.

मला माहीत नव्हतं असं नाही. मशीनचा ठोका गेल्याचं मला ऐकू आलं होतं. गाणं संपलंय हे कळत होतं. पण बोटं चालू होती आणि ती थांबवायला जे काही लागतं ते माझ्यापाशी नव्हतं. मांडवात फक्त तो एक सूर, धड धड धड धड. पोरांना वाटलं हे गाण्यातच आहे, ती त्या ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागली. मित्र सिंथवर हात ठेवून माझ्याकडं बघत होता. एकदा त्यानं मशीनच्या बटणाकडं हात नेला आणि परत घेतला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तो म्हणतो, दीड-दोन मिनिटं असतील.

मग मॅडम माईक खाली ठेवून माझ्याजवळ आली. तिनं तळहात तारांवर ठेवला. सगळ्या तारा एकदम मुक्या झाल्या.

"झालं, दादा," ती म्हणाली. "झालं गाणं."

मी "हो" म्हणालो. खाली पोरं ओरडत होती, वन्स मोअर मागत होती. शेवटचं गाणं आम्ही वाजवलं नाही. मित्रानं माईकवर सगळ्यांचे आभार मानले.

मांडवामागं चार-पाच पोरं फोटो काढायला आली. एकानं माझ्या खांद्यावर हात टाकून विचारलं, "सर, लूक लई भारी हाय. कुठं केला?"

"नांदेडला," मी म्हणालो. "नदीवर."

"नदीवर कसला सलून?" तो हसला. त्याच्या मागं बॅज लावलेली एक मुलगी उभी होती, संमेलनाची व्यवस्था बघणारी. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिच्या लक्षात आलंय. तिनं त्या पोराचा हात धरून बाजूला घेतलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. पोरं निघून गेली. ती पाण्याची बाटली घेऊन आली.

"आमच्या पप्पांनी पण मागच्या साली असंच केलं होतं," ती म्हणाली. "आजोबा गेले तवा. निलंग्याकडं आमचं गाव हाय."

मी बाटली घेतली. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, म्हणून म्हणालो, "पप्पा आता बरे हाईत?"

"हाव. बरे हाईत," ती म्हणाली.

त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पोरांनी मोबाइलवर टाकला आणि फिरत फिरत तो चौथ्या दिवशी काकांपर्यंत गेला. ते सकाळच्या बसनं नांदेडला आले. चपला काढायच्या आधीच त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, तुमाला दाखवलं का ह्यानं? भावाची तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी हा स्टेजवर नाचून राहिलाय. लोक मला फोन करून विचारायलेत."

 आईनं बहिणीला फोन मागितला. बहिणीनं लावून दिला. आईनं चष्मा लावला आणि सगळा व्हिडिओ बघितला. शेवटी मी एकटाच वाजवत राहतो, तेही बघितलं. मग पहिल्यापासून परत बघितला. काका वाट बघत उभे होते.

"नाचतोय कुठं, भाऊजी," ती म्हणाली. "नुसता उभा हाय की."

काका खाली बसले. थोड्या वेळानं त्यांनी फोन मागून घेतला आणि स्वतः बघितला. बहिणीनं चहा आणला.  दुपारी जेवून ते परत गेले. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "केस यायलेत."

जूनमधे मॅडमला पुण्याला नोकरी लागली. जायच्या आधी ती आईला भेटायला घरी आली आणि दोघी बराच वेळ आतल्या खोलीत बोलत बसल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. त्यानंतर दुसरी गाणारी आम्ही शोधली नाही.

दिवाळीनंतर आईनं वडिलांची कामाची बॅग बाहेर काढली. त्यात जनावरांचं थर्मामीटर, कात्र्या, दोरी, रबरी हातमोजे, एक अर्धी संपलेली मलमाची डबी. देवणीला त्यांच्या हाताखाली शिकलेला एक माणूस अजून तिथल्या दवाखान्यात होता, त्याला हे द्यायचं असं तिनं ठरवलं होतं. आम्ही उदगीरवरून बसनं गेलो.

दवाखान्यात एक शेतकरी गाय घेऊन आला होता. देवणीचीच, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली. त्या माणसानं आईच्या पाया पडून बॅग घेतली, उघडली आणि थर्मामीटर हातात धरून बघितलं. मग गायीकडं बघून म्हणाला, "काकू, माझं फुटलंय परवा. लावू का हे?"

"लाव," आई म्हणाली.

शेतकऱ्याचे दोन्ही हात गायीची शेपूट बाजूला धरण्यात अडकले होते. त्यानं मला सांगितलं, "ओ भाऊ, दावं धरा जरा." मी धरलं. त्या माणसानं थर्मामीटर लावलं आणि दुसरा हात गायीच्या कुशीवर ठेवून तो तिच्याशी बोलायला लागला. "हा हा हा, थांब माय, थांब." शब्द वडिलांचेच होते, आणि बोलायची पद्धतही.

मागं बाकावर आई मोठ्यानं रडायला लागली. इतक्या महिन्यांत मी तिला तसं रडताना बघितलं नव्हतं. मला तिच्याकडं जायचं होतं, पण दावं सोडता येत नव्हतं. गाय मान हलवत होती, तिचा ओला श्वास माझ्या मनगटावर येत होता. मी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिलो. आईचं रडणं ऐकत राहिलो. शेतकरी एकदा तिच्याकडं बघून मग खाली बघायला लागला. थर्मामीटर काढेपर्यंत कुणीच हललं नाही.

त्यानंतरच्या रविवारी गादीघराच्या माडीवर बेसला वायर जोडता जोडता मी मित्राला हे सगळं सांगितलं. तो दाढीच्या ब्रशनं पट्ट्यांमधला कापूस काढत होता.

"अन् तू?" त्यानं विचारलं. "तू रडलास का?"

"न्हाई."

"गाईला काय झालं होतं?"

"साधा ताप. बरी हाय आता."

त्यानं ब्रश बाजूला ठेवला, वरून पट्ट्यांवर फुंकर मारली आणि विचारलं, "कोणतं गाणं घ्यायचं?"

"कोणतंही घे," मी म्हणालो.